२०१३ चा पीसी, टॉवेलची डिझाईनं आणि लिनक्स मिंट एक्सएफसीई : सहा महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं येईलच, आधी कशाचा रिव्ह्यू आहे ते सांगते. लिनक्स मिंट २२ (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकटची सिस्टीम, मिंट हा तिचा एक प्रकार), त्यातलं एक्सएफसीई डेस्कटॉपवालं एडिशन, सहा महिने रोज सात-आठ तास कामाला वापरलेलं. डेस्कटॉप म्हणजे पडद्यावर दिसणारा सगळा थाट, मेनू, पट्टी, खिडक्या, आणि लिनक्सवर तो आपल्याला निवडता येतो. त्याच्या आधी दोन-तीन आठवडे केडीई प्लाझ्मा आणि जीनोम पण याच मशीनवर लावून बघितले, त्यामुळं तिन्हीबद्दल लिहितेय. आणि हे डेस्कटॉप जन्माला कसे आले ते पण लिहिणाराय, कारण मला त्याच्यामुळंच निवड करता आली. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण ज्याच्यावर आपलं पोट आहे त्या सॉफ्टवेअरचं कूळ विचारलंच पाहिजे असं माझं आता ठाम मत झालंय.

मी सोलापुरात टॉवेल आणि चादरीच्या जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राची, डिझाईनं काढून देते. घरातच टेबल आहे, अशोक चौकाच्या अलीकडं. अप्पा हेच काम ग्राफ पेपरवर करायचे, लाल शाईनं एकेक चौकोन भरत, आणि शेवटी शेवटी डोळ्यांना चौकोन दिसेनात तेव्हा मी कॉम्प्युटरवर करायला लागले. मशीन २०१३ चं आहे, थर्ड जनरेशन आय३, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतो आणि प्रोसेसर पण नवीन पिढीचा लागतो, म्हणजे आपलं मशीन त्यात बसत नाही. दिवाळी तोंडावर, कारखानदारांचे फोन चालू, नवीन पीसीला पैसे काढायचे नव्हते. नव्या पेठेत ज्यांच्याकडं रिपेअरिंगला देते त्यांच्याकडं मशीन नेलं तर ते म्हणाले, "ताई, मशीन ठणठणीत आहे की ओ, एसएसडी टाका आणि लिनक्स लावून बघा, नाही पटलं तर मग नवीन घ्या." २४० जीबीची एसएसडी टाकली, तीन पेनड्राईव्ह करून घेतले, तीन वेगवेगळे डेस्कटॉप, आणि घरी आले.

आता मध्येच एक जुनी गोष्ट सांगावी लागणार, नाहीतर मी या सगळ्यात इतकी का शिरले ते कळणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी जेकार्डचं एक डिझाईन सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही, पंचेचाळीस हजार दिले होते आणि ते हप्त्यानं फेडले. त्याच्याबरोबर यूएसबीला लावायचं एक निळं लॉक यायचं, ते लावलेलं असलं तरच सॉफ्टवेअर उघडणार. एका उन्हाळ्यात ते लॉक मेलं. लाईट लागेना, मशीन ओळखेना. कंपनीला फोन केला तर ते व्हर्जन बंद झालंय, नवीन घ्या म्हणाले, आणि नवीन घेतलं तरी जुन्या फाईली उघडतील याची गॅरंटी कुणी देईना. माझी तीनशेच्या वर डिझाईनं त्यांच्याच फॉरमॅटमध्ये अडकलेली. मोराची जोडी, कमळाची किनार, एका कारखानदारासाठी अप्पांनी कागदावर काढलेलं आणि मी चार महिने बसून उतरवलेलं सिद्धेश्वराच्या देवळाचं चित्र, सगळं हार्ड डिस्कवर आहे, फाईलचं नाव दिसतंय, साईज दिसतेय, पण उघडत नाही. जी पंचिंगवाल्याला, म्हणजे डिझाईनप्रमाणं पुठ्ठ्याला भोकं पाडून देणाऱ्याला, बीएमपी म्हणजे साध्या चित्राची फाईल करून दिली होती तेवढीच वाचली. आपलंच घर आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. तेव्हापासनं कुठलंही सॉफ्टवेअर घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारते की उद्या हे बनवणारा उठून गेला तर माझ्या कामाचं काय.

आणि गंमत म्हणजे हे डेस्कटॉप ज्या भांडणातनं जन्माला आले ते भांडण नेमकं हेच होतं. हे मला माहीतच नव्हतं, तीन पेनड्राईव्हमधलं कुठलं ठेवायचं म्हणून वाचत बसले तेव्हा कळलं.

पहिल्यांदा थोडं मागचं. युनिक्सवर (लिनक्स ज्या धर्तीवर बनला ती जुनी सिस्टीम) खिडक्या दाखवायची जी यंत्रणा, एक्स विंडो सिस्टीम, ती १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली. पण एक्स फक्त पडद्यावर चौकोन काढायची सोय देतो, बटण कसं दिसावं, मेनू कुठं असावा, खिडकी कशी बंद व्हावी हे तो ठरवत नाही. माग उभा करून दिला पण डिझाईन ज्याचं त्यानं बघा, असं. त्यामुळं नव्वदच्या दशकात लिनक्स घरच्या पीसीवर आला तेव्हा प्रत्येक प्रोग्रामचा थाट वेगळा, एकाचा स्क्रोलबार डावीकडं, दुसऱ्याचा उजवीकडं, एकात कॉपी एका पद्धतीनं, दुसऱ्यात होतच नाही. मोठ्या युनिक्स कंपन्यांनी, एचपी, आयबीएम, सन वगैरेंनी मिळून १९९३ मध्ये कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे सीडीई जाहीर केलं होतं, त्यात सगळं एकसारखं दिसायचं, पण ते बंद आणि विकतचं. सामान्य माणसानं घरी लिनक्स टाकला तर त्याला हे मिळायचं नाही. (सीडीई शेवटी २०१२ मध्ये मुक्त झालं, म्हणजे कुणी पण वापरावं, बदलावं, वाटावं असं, पण तोपर्यंत त्याचं कुणाला काही राहिलं नव्हतं.)

१४ ऑक्टोबर १९९६ ला जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाचा एक विद्यार्थी, मात्थियास एट्रिख, त्यानं जाहीर आवाहन केलं की प्रोग्रामर पाहिजेत, आपण लिनक्ससाठी एक पूर्ण डेस्कटॉप बनवू. तारीख बघितली का? १४ ऑक्टोबर. बरोबर एकोणतीस वर्षांनी त्याच तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपला, योगायोगच, पण मला तो वाचून अंगावर काटा आला. त्याचं म्हणणं साधं होतं, सिस्टीम सांभाळणाऱ्या तज्ज्ञासाठी नाही तर शेवटच्या वापरणाऱ्यासाठी बनवायचं, ज्याला प्रोग्राम चालू करायचाय, मेल वाचायचीय, फाईल पुसायचीय, फोटो बघायचाय, आणि सगळे भाग एकमेकांत बसले पाहिजेत. नाव ठेवलं कूल डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, केडीई, सीडीईवरनंच उचललेलं, नंतर कूल गळालं आणि नुसता के राहिला. या माणसाला पुढं २००९ मध्ये जर्मन सरकारनं ऑर्डर ऑफ मेरिट दिली. डेस्कटॉपसाठी सरकारी सन्मान, मला फार बरं वाटलं वाचून.

पण त्यानं हे बांधायला जी लायब्ररी घेतली, क्यूटी, ती नॉर्वेतल्या ट्रोलटेक नावाच्या कंपनीची होती. बटणं, मेनू, खिडक्या काढायचं तयार सामान म्हणा. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ते फुकट वापरायची परवानगी होती, पण त्यात बदल करून दुसऱ्याला वाटायची नव्हती. म्हणजे केडीई सगळा मुक्त, पाया दुसऱ्याच्या मालकीचा. लोक म्हणायला लागले की उद्या कंपनीनं मन बदललं, बुडाली, विकली गेली तर वरचा सगळा वाडा कोसळेल. डेबियन नावाच्या लिनक्सवाल्यांनी तर १९९८ मध्ये लायसन्सच्या कारणावरनं केडीई आपल्याकडनं काढूनच टाकलं. मी हे वाचत होते आणि माझ्या ड्रॉवरमधलं निळं लॉक माझ्या डोळ्यापुढं येत होतं. ते अजून टाकलेलं नाहीये मी.

त्या भीतीला तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली आणि माझ्या हातातले तीन पेनड्राईव्ह म्हणजे तीच तीन उत्तरं होती. म्हणून आता रिव्ह्यू त्याच क्रमानं.

केडीई प्लाझ्मा, म्हणजे केडीईच्या डेस्कटॉपचं आजचं नाव. केडीईवाल्यांनी क्यूटी सोडलं नाही, त्यांनी कंपनीला बसवून लिहून घेतलं. १९९८ मध्ये केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन काढलं आणि करार केला की कंपनीनं बारा महिने क्यूटीची मुक्त आवृत्ती काढली नाही तर फाउंडेशनला ती अगदी मोकळ्या लायसन्सखाली खुली करायचा हक्क. त्याच वर्षी १२ जुलैला केडीई १.० आलं. पुढं सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त लायसन्सखालीच आलं आणि मुख्य भांडण मिटलं. पण त्या कराराची खरी किंमत नंतर कळते, कारण ट्रोलटेक २००८ मध्ये नोकियानं घेतली, मग २०१२ मध्ये क्यूटी डिजिया नावाच्या कंपनीकडं गेलं, नंतर वेगळी कंपनी झाली, एवढे मालक बदलले पण तो कागद प्रत्येकाला मानावा लागला. मी तो भाग दोनदा वाचला. माझ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी एक पानी असं लिहून दिलं असतं ना, की आम्ही बंद केलं तर तुमच्या फाईली उघडायची सोय तुम्हाला देऊ, तर ते देवळाचं चित्र आज माझ्याकडं असतं.

वापरायला प्लाझ्मा फार देखणा आहे, आणि सगळं एकमेकांत बसलं पाहिजे हे १९९६ चं वाक्य अजून त्यात दिसतं. फाईल मॅनेजर डॉल्फिनमध्ये खिडकी मधोमध फोडून इकडं जुनी डिझाईनं तिकडं नवीन असं ठेवता येतं, त्याचा मला अजून मोह आहे. कुठलीही गोष्ट आपल्याला पाहिजे तशी बदलता येते, इतकी की पहिले दोन दिवस माझे सेटिंगमध्येच गेले. विंडोजची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी काही शिकावं लागत नाही. पण माझ्या ४ जीबीमध्ये प्लाझ्मा, ब्राउझर आणि मोठं डिझाईन तिन्ही एकदम उघडलं की मशीनला धाप लागायची, कर्सर ओढला की मागनं यायचा. मशीन चांगलं असेल, ८ जीबी रॅम असेल तर मी डोळे झाकून प्लाझ्मा सांगेन. बहिणीच्या मुलाच्या लॅपटॉपवर मी तोच लावून दिला, तो पुण्याला शिकायला असतो, "मावशी, हे तर विंडोजपेक्षा भारी दिसतंय" म्हणून फोन आला होता त्याचा.

जीनोम. हे दुसरं उत्तर. मेक्सिको सिटीतले दोघं, मिगेल दे इकासा आणि फेडेरिको मेना, त्यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये जाहीर केलं की पायापासनं वरपर्यंत सगळं मुक्त असेल असा वेगळाच डेस्कटॉप आम्ही काढतो. आणि पाया म्हणून त्यांनी जे घेतलं ते वाचून मी खुर्चीतनं उठलेच, कारण ते गिंपमधनं आलेलं होतं, आणि गिंप मी लॉक मेल्यापासनं रोज वापरते, विंडोजवर असल्यापासनं.

गिंप म्हणजे चित्रं काढायचा, फोटो सुधारायचा प्रोग्राम. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस, बर्कलीचे दोन विद्यार्थी, त्यांनी १९९५ च्या सुमारास तो सुरू केला. सुरुवातीला बटणं-मेनूसाठी मोटिफ वापरायचे, पण मोटिफ विकतचं, म्हणजे ज्याच्याकडं मोटिफ नाही त्यानं गिंपचा सोर्स (प्रोग्रामचा मूळ मजकूर) घेऊन करायचं काय. मॅटिसला त्याचा कंटाळा आला आणि त्यानं स्वतःच बटणं-मेनूची लायब्ररी लिहिली, गिंप टूलकिट, म्हणजे जीटीके. एका चित्र काढायच्या प्रोग्रामसाठी बनवलेलं ते सामान, त्याच्यावर पुढं आख्खा जीनोम उभा राहिला, मार्च १९९९ मध्ये १.० आलं. चित्राच्या गरजेतनं डेस्कटॉप निघाला ही गोष्ट माझ्यासारखीला किती जवळची वाटली असेल ते सांगून कळायचं नाही.

वापरण्याच्या दृष्टीनं मात्र आजचा जीनोम माझ्या कामाचा नाही. २०११ मध्ये ३.० आलं तेव्हा त्यांनी रूपच बदललं, खिडकी खाली घालायचं बटण काढलं, डेस्कटॉपवरचे आयकॉन काढले, आणि त्याच्यावरनं इतकी नाराजी झाली की जुनं पुढं चालवायला माते नावाचा डेस्कटॉप निघाला (अर्जेंटिनातल्या एका माणसानं सुरू केला, तिकडच्या मातेच्या झाडावरनं नाव) आणि मिंटवाल्यांनी सिनॅमन काढला. मला एकाच वेळी चार खिडक्या लागतात, डिझाईन, रंगाचा चार्ट, कारखानदारानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नमुना आणि हिशोब, आणि त्या खाली पट्टीवर दिसत राहिल्या पाहिजेत. जीनोम एका वेळी एका कामावर लक्ष ठेवणाऱ्यासाठी आहे. छान आहे, शांत आहे, टचपॅडवर तर मस्त चालतो. चार दिवस वापरून काढला.

एक्सएफसीई. तिसरं उत्तर, आणि मी ठेवलेलं. फ्रान्सचा ओलिव्हिए फुर्दां, त्यानं १९९६ च्या शेवटी स्वतःसाठी सीडीईसारखी दिसणारी एक साधी पट्टी बनवायला घेतली, एक्सफॉर्म्स नावाची लायब्ररी वापरून. एक्सएफसीई हे नाव पण तिथलंच, एक्सफॉर्म्स कॉमन एन्व्हायर्नमेंट. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीनं आपल्या लिनक्समध्ये घ्यावं म्हणून त्यानं विचारलं तर एक्सफॉर्म्स मुक्त नाही म्हणून नकार आला. केडीईवर जे संकट होतं तेच याच्यावर, फक्त हा एकटा माणूस. आणि त्यानं काय केलं, तर १९९९ मध्ये सगळं जीटीकेवर परत लिहून काढलं. तेच गिंपवालं जीटीके. नाव तेवढं जुनं राहिलं, आता त्यात एक्सफॉर्म्सचा एक धागा पण नाही.

हे वाचल्यावर मला अप्पा आठवले. एकदा एका कारखान्याचं जेकार्ड बदललं, उभे धागे उचलणाऱ्या हुकांची संख्या वेगळी, भोकं पाडलेले जुने पुठ्ठे निरुपयोगी, आणि अप्पांनी तीन किनारी पहिल्यापासनं परत ग्राफवर उतरवल्या, कुणावर चिडले नाहीत की काही नाही, रात्री जेवण झालं की बसायचे. ज्याला आपली वस्तू आपल्या हातात ठेवायचीय त्याला हे करावं लागतं. फुर्दांबद्दल मला त्यामुळंच आदर वाटतो, नकार आला तर बाजूला ठेवून दुसरं काही करता आलं असतं त्याला.

आता रोजचं काम. मशीन चालू केल्यावर एक्सएफसीई एक जीबीच्या आत बसतो, बाकीची मेमरी माझ्या कामाला मोकळी. बटण दाबल्यापासनं काम सुरू व्हायला अर्धा मिनिट पण लागत नाही, त्यात एसएसडीचा वाटा मोठा आहे हे पण सांगायला पाहिजे. गिंप ३ मी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधनं फ्लॅटपॅकवाला (कुठल्याही लिनक्सवर चालणारं तयार पॅकेज) घेतला.

डिझाईन कसं करते ते सांगते, कारण आपल्या इथल्या बऱ्याच जणांना वाटतं की महागडं जेकार्ड सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय होतच नाही. जेकार्डमध्ये ग्राफचा एक उभा कॉलम म्हणजे एक हूक, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा, आडवा एक धागा, आणि पुठ्ठ्याच्या मागावर ती एक ओळ म्हणजे एक पुठ्ठा. समजा २४० हूक आहेत आणि किनार ३२० धाग्यांची आहे, तर गिंपमध्ये २४० रुंद आणि ३२० उंच पिक्सेलची नवीन फाईल काढायची. इमेज मेनूत मोडमध्ये जाऊन इंडेक्स्ड करायचं, त्यात काळा-पांढरा एक बिटवाला पर्याय. मग ग्रिड एक-एक पिक्सेलची लावायची, झूम ८०० टक्के, ब्रश सोडून पेन्सिल घ्यायची, साईज एक. झाला तुमचा ग्राफ पेपर. काळा चौकोन म्हणजे भोक, पांढरा म्हणजे भोक नाही. चुकलं तर कंट्रोल झेड, अप्पा ब्लेडनं कागद खरवडायचे. एवढं करून झाल्यावर मी प्रत्येक ओळीवरनं नजर फिरवते की एका सलग रेषेत फार पिक्सेल सारखे तर नाही राहिले, कारण तिथं धागा मोकळा सुटतो आणि टॉवेल दोन धुण्यांत ओढला जातो, पाकळीच्या मधोमध एक-दोन ठिपके टाकून तो बांधून घ्यावा लागतो. मग बीएमपी करून पंचिंगला. आणि मूळ फाईल गिंपच्या एक्ससीएफमध्ये, तो फॉरमॅट कुणी पण उघडू शकतो, त्याला लॉक नाही. सहा महिन्यांत ५२ डिझाईनं दिली, गड्ड्याच्या जत्रेच्या आधीची घाई पण याच्यावरच काढली, एकदाही मशीन अडलं नाही.

जेकार्डचं हे भोकांचं तंत्र ल्याँमध्ये १८०४ च्या सुमाराचं, जोसेफ मारी जाकारचं, आणि त्याच भोकांच्या कार्डांवरनं पुढं कॉम्प्युटरवाल्यांनी कल्पना घेतली. म्हणजे सोलापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खटखट करत फिरणारी पुठ्ठ्याची माळ आणि माझ्यासमोरचा पडदा एकाच घरातले आहेत, हे पोरांना शाळेत सांगायला पाहिजे.

एक शंका सगळेच विचारतात की एक्सएफसीई लावला तर केडीईचे प्रोग्राम चालणार नाहीत का. चालतात. २००० मध्ये फ्रीडेस्कटॉप म्हणून एक ठिकाण सुरू झालं तिथं या भांडलेल्या लोकांनीच बसून मेनूत प्रोग्रामची नोंद कशी करायची, पुसलेली फाईल कचऱ्यात कुठं जायची असे समान नियम ठरवले. मी केडीईचं ऑक्युलर पीडीएफसाठी वापरते एक्सएफसीईवर, काही फरक पडत नाही. ऑक्युलरला २०२२ मध्ये जर्मनीचं ब्लू एंजल पर्यावरण लेबल मिळालंय, सॉफ्टवेअरमध्ये पहिलंच. जुनं मशीन भंगारात जाऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही पण एक गोष्ट.

मराठी टायपिंग. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये मराठी जोडायचं, इनस्क्रिप्टची (भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी) सवय असेल तर लगेच चालू होतं. अक्षरं स्वच्छ येतात. मला लोहित फॉन्ट आवडतो, रेड हॅटनं खुला केलेला, लोहित म्हणजे लालच की. पण जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेली बिलं आणि पत्रं असतील तर ती लिब्रेऑफिसमध्ये (वर्डच्या जागी वापरायचं फुकटचं सॉफ्टवेअर) इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसतात, तो फॉन्ट टाकावा लागतो नाहीतर युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. माझी चाळीसेक पत्रं बदलण्यात एक रविवार गेला.

आता अर्धा स्टार. खिडकीची कड इतकी बारीक आहे की माऊसनं पकडून लहान-मोठी करायची म्हणजे सुई ओवायचं काम, माझं वय चव्वेचाळीस, चष्मा आहे, दिवसभर पिक्सेल बघून संध्याकाळी ती कड सापडत नाही. उपाय आहे, ऑल्ट दाबून उजव्या बटणानं खिडकीत कुठनं पण ओढा, आणि विंडो मॅनेजरमध्ये जाड कडेची थीम निवडा, पण हे मला दीड महिन्यानं कळलं, नवीन माणसाला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे. आणि एक्सएफसीई बदलतो फार हळू. ४.१२ फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं आणि ४.१४ ऑगस्ट २०१९ मध्ये, साडेचार वर्षं. आता दोन-दोन वर्षांनी येतंय, ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये आलं, मिंट २२ मध्ये अजून त्याच्या आधीचं ४.१८ आहे. मला हे चालतं, उलट बरंच वाटतं, बटण आज जिथं आहे तिथंच उद्या असणार. पण ज्यांना फोर-के मॉनिटर घ्यायचाय त्यांनी प्लाझ्माच घ्यावा, एक्सएफसीईत दीडपट मोठं केलं की अक्षरं धूसर होतात.

कुणी घेऊ नये ते पण सांगते. तुमचं हिशोबाचं किंवा टॅक्सचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल आणि सीए त्याच्याशिवाय घेत नसतील तर पूर्ण उडी मारू नका. आमच्या वहिनींचं तेच आहे, त्यांच्या मशीनला मी हात लावला नाही. पंचिंग मशीनचा जो कॉम्प्युटर आहे त्याला पण लावू नका, तो मशीनवाल्याला विचारल्याशिवाय बदलायचाच नाही.

ज्यांना करायचंय त्यांनी आधी पेनड्राईव्हवरनंच लाईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा, हार्ड डिस्कला काही होत नाही. त्यातच प्रिंटर लावून एक पान काढा, स्कॅनर लावा, वायफाय बघा, फोन जोडून फोटो घ्या. माझा रंगीत प्रिंटर लगेच चालला पण स्कॅनरला एक पॅकेज वेगळं टाकावं लागलं, नव्या पेठेतल्या दादांनी फोनवरच सांगितलं, पैसे घेतले नाहीत. त्या स्कॅनरवर मी आता अप्पांचे ग्राफ स्कॅन करायलेय, कपाटात दोन गठ्ठे आहेत, कागद पिवळा पडलाय पण लाल शाई अजून स्पष्ट आहे. देवळाच्या चित्राचा मूळ ग्राफ त्यातच निघाला, सहा कागद चिकटवलेले. गिंपमध्ये खालच्या लेयरला तो ठेवलाय आणि वरच्या लेयरवर चौकोन भरायला घेतलेत, रोज रात्री वीस-पंचवीस ओळी होतात.